कोलेस्टेरॉल वाढलंय आणि हाडंही झिजलीत: दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतो का?

मांजराकाठ (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. आई औशाजवळच्या आमच्या गावी असते, वय ६८. पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगण सारवताना पाय घसरला, हात टेकवायला गेली आणि मनगट मोडलं. लातूरला प्लास्टर घातलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायला लावला. मणक्याचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.९ निघाला, म्हणजे हाडं बरीच झिजलेली. त्याच वेळी रक्त तपासलं, तर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १७२.

आता घरात दोन चिठ्ठ्या आहेत. एकीवर रोज रात्री रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन. दुसरीवर हाडांसाठी आठवड्यातून एकदा ॲलेन्ड्रोनेट आणि रोज कॅल्शियम-डी. डॉक्टर दोन, दोघांनी आपापलं लिहिलं. मामा (निवृत्त शिक्षक, निलंगा) म्हणतात, "डी व्हिटॅमिन कोलेस्टेरॉलपासूनच बनतं. कोलेस्टेरॉल पाडलं की डी पडणार, डी पडलं की हाडं जाणार. ती रात्रीची गोळी बंद." आईनं अर्थातच भावाचं ऐकलं. मी पुण्यातून फोनवर भांडतेय.

रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा आणि हाडांचा खरंच काही संबंध असतो का? असला तर कोणत्या बाजूनं? आणि दोन्ही गोळ्या सोबत चालतात का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण पुढची तारीख लांब आहे आणि मामा एक दिवसाआड गावी जातायत.

बालाघाटी (सोमवार, रात्री ९.३२)

निवृत्त शिक्षक, सकाळचं फिरणं आणि व्हॉट्सॲप, हे तिन्ही एका माणसात आले की पंचक्रोशीतले दवाखाने ओस पडतात. जागा धरून ठेवतो, जाणते येतीलच.

रसायन_मास्तर (सोमवार, रात्री १०.०५)

बालाघाटी, मीही निवृत्त शिक्षकच आहे आणि सकाळी नांदेडच्या घाटावर फिरतोही. व्हॉट्सॲप तेवढं मुलीनं काढून घेतलंय.

मामांचं अर्धं बरोबर आहे, म्हणून ते खोडायला अवघड. त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो. शरीर कोलेस्टेरॉल तयार करतं, त्या साखळीच्या अगदी शेवटाकडचा हा टप्पा. त्यावर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की त्याचं डी३ होतं, मग ते यकृतात आणि पुढं मूत्रपिंडात जाऊन कामाचं रूप घेतं. म्हणजे डी आणि कोलेस्टेरॉल हे सख्खे भाऊ, बापलेक नव्हेत. रक्तातलं एलडीएल जास्त म्हणून त्वचेत डी जास्त तयार होत नाही. तसं होत असतं तर आपल्याकडं कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रत्येकाचं डी ठणठणीत निघालं असतं. लातुरातल्या कुठल्याही लॅबवाल्याला विचारा काय निघतं ते. स्टॅटिन घेणाऱ्यांचं डी त्यामुळं घसरतं असंही दिसून आलेलं नाही.

आता यातली खरी गंमत. शरीर कोलेस्टेरॉल बनवतं त्या रासायनिक मार्गाला मेव्हॅलोनेट मार्ग म्हणतात. स्टॅटिन त्याच्या सुरुवातीलाच अडथळा आणतं. आणि ॲलेन्ड्रोनेट? तेही याच मार्गावर, थोडं पुढच्या टप्प्यावर अडथळा आणतं, फक्त ते हाडात जाऊन बसतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींमध्ये काम करतं. आईच्या दोन चिठ्ठ्यांवरची औषधं रसायनशास्त्राच्या दृष्टीनं एकाच मार्गावरची आहेत. म्हणूनच १९९९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात उंदरांवरचं संशोधन आलं की स्टॅटिननं नवीन हाड तयार व्हायला मदत होते, तेव्हा खूप गाजावाजा झाला होता. एका गोळीत हृदय आणि हाड दोन्ही सांभाळता येईल, असं तेव्हा लोकांना वाटलं.

शंकासुर (सोमवार, रात्री १०.४०)

गाजावाजा झाला, पुढं काय झालं ते मास्तरांनी सांगितलं नाही. व्हिएन्नाचा २०१९ चा अभ्यास बघा. अख्ख्या ऑस्ट्रियाच्या विमा नोंदी तपासल्या. स्टॅटिनचा डोस अगदी कमी असेल तर ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) कमी, आणि डोस वाढला की ऑस्टिओपोरोसिस जास्त. मामा चूक नाहीत. कोलेस्टेरॉलची भीती हा मुळात धंदा आहे. आमचे आजोबा रोज वाटीभर लोणी खायचे, ९१ वर्षं जगले.

बालाघाटी (सोमवार, रात्री १०.४४)

शंकासुर, तुमचे आजोबा रोज पंधरा किलोमीटर चालत शेतात पण जायचे. तुम्ही लोण्याएवढंच लक्षात ठेवलं.

शंकासुर (सोमवार, रात्री १०.५१)

चालायचेच. त्यानं माझा मुद्दा कुठं खोटा ठरतो?

हाडाचा_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ७.१५)

जालन्याला प्रॅक्टिस करतो. इथं बसून कुणाची गोळी चालू-बंद करणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. मांजराकाठ, तुमच्या प्रश्नाला मात्र उत्तर देता येतं.

संबंध आहे का? प्रयोगशाळेत आहे. ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल हाड बांधणाऱ्या पेशींना मागं खेचतं आणि हाड खाणाऱ्या पेशींना जोर देतं, हे काचेच्या ताटलीत आणि प्राण्यांमध्ये दिसलेलं आहे. ओपीडीतही त्याच्यासारखं काहीतरी दिसतं. सत्तरीच्या बाईचा बाजूनं काढलेला कमरेचा एक्स-रे प्रकाशात धरला की मणके फिके दिसतात आणि त्यांच्या पुढ्यातल्या महाधमनीच्या भिंतीत चुन्याची पांढरी रेघ. हवं तिथं कॅल्शियम नाही, नको तिथं आहे. अशी जोडी इतक्या वेळा भेटते की ती निव्वळ योगायोग वाटत नाही.

पण माणसांच्या मोठ्या गटात एलडीएल आणि हाडांची घनता मोजायला गेलं की सगळं विस्कटतं. काही अभ्यासांत एलडीएल जास्त तर घनता कमी निघते, काहींत काहीच नातं निघत नाही. एचडीएलचं तर आणखी विचित्र. ऑस्ट्रेलियात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एरवी धडधाकट असलेल्या वयस्करांमध्ये ज्यांचं एचडीएल जास्त त्यांच्यात हाड मोडण्याचं प्रमाण जास्त निघालं. ज्याला आपण 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणून पाठ थोपटतो, ते हे.

असं का होत असावं? एक मोठं कारण सरळ आहे. पाळी गेली की इस्ट्रोजेन घसरतं. त्यानं पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्यानं झिजतं आणि त्याच काळात एलडीएलही चढतं. दोन्ही आकडे एकत्र बिघडतात कारण त्यांना बिघडवणारं तिसरंच कुणीतरी असतं. वय, बसून राहणं, तंबाखू, काही औषधं. एक आकडा दुसऱ्याला ओढून नेतोय असं त्यावरून म्हणता येत नाही.

शंकासुर, व्हिएन्नाचा अभ्यास मी नाकारत नाही. पण तो नोंदींवरून केलेला. जास्त डोस कुणाला देतात? ज्यांना ॲटॅक येऊन गेला, मधुमेह आहे, हालचाल कमी आहे त्यांना. त्यांची हाडं तशीही कमजोर असतात. खरी परीक्षा चिठ्ठी टाकून दोन गट पाडल्यावर होते. ज्युपिटर नावाच्या चाचणीत १७,८०२ लोकांना रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम किंवा औषध नसलेली साधी गोळी दिली होती. त्यातली हाडं मोडल्याची मोजदाद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत हाडं मोडणारे जवळपास सारखेच. ना गोळीनं हाडं खाल्ली, ना वाचवली. मांजराकाठ, तुमच्या आईंचा डोस त्याच्या निम्मा आहे. मास्तरांच्या १९९९ च्या उंदरांचं पुढं काय झालं, तेही यातच आलं.

येडशीची_आजी (मंगळवार, सकाळी ९.०२)

मी ७१ वर्षांची हाय. नातू टाइप करूलालाय, मी सांगूलाले. मला दोन्ही गोळ्या हायेत, कोलेस्ट्रालची चार सालापासनं आन हाडाची आठवड्याची दोन सालापासनं. काय बी झालं न्हाई.

पर एक सांगते. कोलेस्ट्राल निघालं तसं सुनंनं माझं दूध बंद केलं, अंडं बंद केलं, तूप बंद केलं. काळजीपोटीच केलं बिचारीनं, तिला नावं ठेवत न्हाई. दोन वेळा भाकरी आन फोडणी न दिलेलं वरान. सालभरात लुगडं अंगावर राहीना इतकी वाळले. मग कंबर धरली. डॉक्टरीण बाई म्हणल्या, आज्जी, तुमी कोलेस्ट्रालसाठी हाडं उपाशी मारली की.

सुगरण_उदगीर (मंगळवार, सकाळी १०.३०)

आजींनी नेमकं सांगितलं. आकड्यांचा संबंध शास्त्रज्ञ शोधत बसू देत, आपल्या स्वयंपाकघरात तो रोज तयार होतो. कोलेस्टेरॉल म्हटलं की पहिली कुऱ्हाड दुधावर. साय काढलेल्या दुधात कॅल्शियम तेवढंच राहतं, हे कुणी सांगतच नाही. म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. साय काढा, विरजण लावा, ताक करा, पण दूध तोडू नका. अंड्याचा पिवळा भाग तर डी मिळण्याच्या मोजक्या जागांपैकी एक आहे. तो किती खायचा हे डॉक्टरांना विचारा, पण सरसकट बंदी कशाला?

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं प्रमाण सांगतं. आपण ज्वारी खाणारी माणसं. ज्वारीत १०० ग्रॅमला तीसही मिलिग्रॅम नसतं. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पण ती कोकणात-घाटावर पिकते, आपल्याकडं मुद्दाम आणावी लागते. मी भाकरीच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी घालते, घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, दोन्हींत तीनशेच्या वर. शेवगा प्रत्येकाच्या बांधावर आहे, शेंगा खातो आणि पाला शेळीला टाकतो. तिळात तर हजाराच्या वर, म्हणून कारळाच्या नि जवसाच्या चटणीला तिळाचा जोड द्यायचा. एका चमच्यानं सगळी गरज भागते असं मात्र समजू नका.

आणि प्रथिनं. घरातली म्हातारी बाई सगळ्यात शेवटी जेवते आणि तिच्या ताटात वरणाचं पाणी येतं. हाड नुसत्या चुन्याचं नसतं.

बालाघाटी (मंगळवार, सकाळी ११.००)

पाया सूप? आमच्या अंबाजोगाईला एक चाचा आहेत, त्यांच्या पायानं मेलेला माणूस उठून बसतो म्हणतात.

सुगरण_उदगीर (मंगळवार, सकाळी ११.१२)

चवीला प्या, चाचांना माझाही सलाम. हाड उकळून कॅल्शियम पाण्यात फार उतरत नाही. चरबी मात्र छान उतरते, वरती तरंगताना दिसतेच.

करडईवाला (मंगळवार, दुपारी १.२०)

मूळ दुखणं तेल बदलल्याचं आहे. मराठवाडा म्हणजे करडई. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढले. रब्बीला शेताच्या कडेनं करडईचे काटे असायचे, ढोरं आत शिरायची नाहीत. घाण्याचं तेल घरी यायचं. सोयाबीन आलं आणि करडई गेली. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, आणि तुपा-वनस्पतीच्या जागी असं तेल आलं की एलडीएल उतरतं, हे जगजाहीर आहे. आमच्या गावात पूर्वी कुणाला कोलेस्टेरॉल माहीत नव्हतं.

रसायन_मास्तर (मंगळवार, दुपारी २.०५)

पूर्वी तपासतही कुणी नव्हतं. एलडीएलचं बरोबर आहे तुमचं, करडईचं तेल मलाही आवडतं. पण त्यानं मोडणारं हाड वाचतं, असं काही त्यातून निघत नाही. आणि एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की तेच लिनोलिक आम्ल आधी बिघडतं. भज्यांच्या कढईत करडईचं कौतुक नको.

व्यवस्थापक (मंगळवार, दुपारी २.१०)

तेलावर वेगळा धागा काढावा. इथं हाडांपुरतं बोलू या.

किनवटकर (मंगळवार, दुपारी ४.३५)

हाडांपुरतंच बोलतो. टी-स्कोअर चांगला आला म्हणजे हाड चांगलं, असं आमच्या तालुक्यात धरता येत नाही. किनवट भागात कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते हाडात साचतं, स्कॅनमध्ये हाड घट्ट दिसतं, पण असतं ठिसूळ. वाकलेली पाठ, न मिटणारे गुडघे, लहानपणापासून पिवळे-करडे पट्टे पडलेले दात. आमच्या इकडच्या गावांत असे लोक दाखवता येतील. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको.

अमेरिकेत एके काळी ऑस्टिओपोरोसिसवर फ्लोराइडच औषध म्हणून देऊन पाहिलं होतं. मेयो क्लिनिकची १९९० ची चाचणी आहे. मणक्यांची घनता भरपूर वाढली, मणके मोडायचे काही कमी झाले नाहीत आणि बाकीची हाडं उलट जास्त मोडली. घनतेचा आकडा आणि मजबुती वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावर कळलं. कोलेस्टेरॉलच्या आकड्याचंही मला तसंच वाटतं, पण तो माझा विषय नाही.

हाडाचा_डॉक्टर (मंगळवार, रात्री ९.४०)

किनवटकर, उत्तम मुद्दा. आईंच्या गावचं पाणी कुठलं तेही बघायला हवं, पण टी-स्कोअर उणे २.९ असताना फ्लोराइडकडं संशय लगेच जात नाही.

या निमित्तानं एक सांगतो. २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या आठवड्यात औषधाच्या दुकानांसमोर टाच मशीनमध्ये ठेवून फुकट तपासणी होते आणि लगेच शेजारच्या टेबलावर कॅल्शियमचा डबा हातात देतात. ती डेक्सा नव्हे. तिच्यावरून निदान होत नाही आणि औषधाचा परिणामही मोजता येत नाही.

हाड मोडण्याचा धोका काढायला फ्रॅक्स नावाचं गणित आहे, भारतासाठीही त्याचं रूप आहे. त्यात काय विचारतात? वय, वजन, उंची, आधी हाड मोडलंय का, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, दारू, संधिवात, स्टिरॉइड. कोलेस्टेरॉल विचारत नाहीत. इतकी वर्षं संशोधन होऊनही तो आकडा त्या यादीत आलेला नाही, यावरून काय ते समजा.

मांजराकाठ, आता माझे प्रश्न. आईंची पाळी कितव्या वर्षी गेली, गर्भपिशवी काढली होती का? आपल्याकडं तिशी-पस्तिशीतच पिशवी काढलेल्या बायका फार आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या बायकांचं तर वर्तमानपत्रांत येऊन गेलं. थायरॉइडची गोळी आहे का? मिश्री लावतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: गुडघेदुखीवर कुठून पुड्या किंवा बिननावाच्या गोळ्या आणतात का?

बालाघाटी (मंगळवार, रात्री ९.५५)

एक शंका. एचडीएल जास्त असलं तरी हाड मोडतं म्हणता. म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवाल्याला ॲटॅक आणि चांगल्यावाल्याला प्लास्टर. मग आम्ही नेमकं काय वाढवावं?

हाडाचा_डॉक्टर (मंगळवार, रात्री १०.०१)

मांडीचे स्नायू.

ऊन_सावली (बुधवार, सकाळी ८.१०)

लोक उन्हाचं विसरले का? आमच्या आत्यानं आयुष्यभर रानात खुरपलं, तरी डी ११, म्हणजे फारच कमी. हे कसं?

रसायन_मास्तर (बुधवार, सकाळी ८.४५)

डोक्यावर पदर, पूर्ण बाह्यांचा पोलका, वरून नवऱ्याचा जुना शर्ट. किरण पडायचे कुठं? त्यात सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि सत्तरीत त्वचेतला तो ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी उरतो. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण डी बनवणारे किरण दुपारी अकरा ते दोनच्या सुमाराला जास्त. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं त्या वेळी उघड्यावर बसा असं मी कुणाला सांगणार नाही. थंडीत बसावं. आणि काचेच्या खिडकीआडून ते किरण येत नाहीत.

शंकासुर (बुधवार, सकाळी ९.३०)

सगळं ऐकलं. तरी ६८ व्या वर्षी, कधी ॲटॅक न आलेल्या बाईला स्टॅटिन कशाला, याचं उत्तर कुणी दिलं नाही. हाडाला अपाय नाही म्हणजे घ्यायलाच पाहिजे असं नाही ना?

हाडाचा_डॉक्टर (बुधवार, दुपारी १.५०)

हा प्रश्न रास्त आहे. ते बीपी, साखर, घरातला इतिहास बघून फिजिशियन ठरवतील. तो निर्णय हृदयाच्या हिशेबानं घ्यायचा, हाडाचं नाव पुढं करून चालू नाही आणि बंदही नाही. मी एवढंच म्हणतोय.

मांजराकाठ (बुधवार, रात्री ८.२०)

डॉक्टर, तुमचे प्रश्न आईला विचारले. पाळी बेचाळिसाव्या वर्षी गेली. पिशवी काढलेली नाही. थायरॉइड नाही. मिश्री आहे, ती नाही म्हणाली पण वहिनीनं मागून ओरडून सांगितलं.

आणि पुड्या आहेत. मला आजवर पत्ताच नव्हता. आठवडी बाजारात एक जण बसतो, गुडघ्याच्या पुड्या देतो. शेजारच्या बायका मिळून आणतात. "लई गुण हाय बाई, एक पुडी खाल्ली की संध्याकाळपर्यंत गुडघा हलका," म्हणाली. किती वर्षं विचारलं तर म्हणे, तुझ्या लग्नाच्या आधीपासून. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. आणि ही पुडी आयुर्वेदिक आहे म्हणून तिनं दोन्ही डॉक्टरांना सांगितली नाही. मामांना मात्र माहीत होती!

आता काय? आजच बंद करायला सांगू का?

हाडाचा_डॉक्टर (बुधवार, रात्री ८.३१)

नको! एकदम बंद करायला सांगू नका. हे महत्त्वाचं आहे म्हणून आधी एवढंच लिहितो, बाकी खाली.

हाडाचा_डॉक्टर (बुधवार, रात्री ८.५५)

एका पुडीत संध्याकाळपर्यंत गुडघा हलका होतो, तेव्हा पहिला संशय स्टिरॉइडचा असतो. त्या पुडीत काय आहे हे तपासल्याशिवाय ठामपणे म्हणता येणार नाही, पण अशा बिननावाच्या पुड्यांत ते सापडतं. रोज स्टिरॉइड पोटात गेलं की हाड पोखरतं, तेही मणक्याचं आधी. आणि तेच स्टिरॉइड रक्तातली चरबी, साखर, बीपी वाढवू शकतं. तुमच्या आईंचे दोन्ही आकडे एकाच पुडीतून आले असण्याची शक्यता आहे. बेचाळिसाव्या वर्षी पाळी जाणं हेही हाडांसाठी लवकरच, त्याचाही वाटा असणार.

वर्षानुवर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावते. एका रात्रीत तोडलं तर बीपी घसरतं, उलट्या होतात, माणूस कोसळू शकतो. म्हणून उरलेल्या पुड्या घेऊन, त्या न फेकता, फिजिशियनकडं जा. पुढची तारीख लांब आहे म्हणालात, ती वाट बघू नका. सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) तपासतील आणि रीतसर औषध देऊन हळूहळू उतरवतील. चेहरा गोल झालाय का, दंडावर हात लागला तरी निळं पडतं का, हेही त्यांना सांगा.

येडशीची_आजी (बुधवार, रात्री ९.२०)

माय, त्या पुड्या आमच्या इकडं बी हायेत. मी बी खाल्ल्या दोन-चार बार. पोरी, आईवर वरडू नको. गुडघा दुखूलाला की माणूस काय बी खातंय.

शंकासुर (बुधवार, रात्री ९.४५)

मामांना कळवा. आणि हो, पुडी सुटल्यावर एलडीएल पुन्हा तपासा, मग बघू स्टॅटिन लागते का.

हाडाचा_डॉक्टर (बुधवार, रात्री ९.५८)

शंकासुर, पहिल्यांदाच आपलं जमलं. पुन्हा तपासायलाच हवं. तोवर काय करायचं ते फिजिशियन सांगतील, मामा नव्हेत.

औषधमात्रा (गुरुवार, सकाळी ७.४०)

परभणीत मेडिकल आहे, काउंटरवर रोज हेच बघतो. दोन्ही गोळ्या सोबत चालतात का, या मूळ प्रश्नाचं साधं उत्तर राहून गेलं. चालतात, एकमेकींशी भांडण नाही. घ्यायची पद्धत मात्र लोक हमखास चुकतात.

आठवड्याची ॲलेन्ड्रोनेट सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहासोबत नाही, दुधासोबत तर मुळीच नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. बायका गोळी घेऊन लगेच चुलीपुढं वाकतात, मग छातीत जळतं आणि गोळीला नावं ठेवतात. अन्ननलिकेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषधही असतं. दात काढायचे असतील तर सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

कॅल्शियम जेवणाबरोबर, आणि ॲलेन्ड्रोनेटच्या दिवशी निदान दुपारच्या जेवणाला. लोहाची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळेला. डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. ती रोज घेऊन आलेले लोक मी पाहिलेत, चिठ्ठी नीट वाचा. रोसुव्हास्टॅटिन कोणत्याही वेळी चालते, फक्त पित्ताचं पांढरं पातळ औषध घेत असाल तर गोळीनंतर दोन तास जाऊ द्या. स्टॅटिन सुरू झाल्यावर मांड्या-दंड नव्यानं दुखायला लागले तर लगेच कळवा. म्हातारपणी स्नायू ढिले पडले की माणूस पडतं, आणि पडलं की हाड मोडतं.

बालाघाटी (गुरुवार, सकाळी ८.०५)

औषधमात्रा, हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून इथं फोटो टाका. माझ्या आईच्या फ्रिजवर लावतो. आणि मांजराकाठ, अंगण सारवायला माणूस लावा, नाहीतर फरशी बसवा. पण चकचकीत नको, खडबडीत बघा.

मांजराकाठ (गुरुवार, सकाळी ८.३०)

शनिवारी गावी जातेय, सोमवारची फिजिशियनची वेळ मिळाली. वहिनीला पुड्या डब्यात ठेवायला सांगितल्यात. मामाही येणार म्हणतात. "मला पण डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचेत," म्हणाले.

बालाघाटी (गुरुवार, सकाळी ८.३३)

डॉक्टरांना आधी कल्पना देऊन ठेवा.